पिकअप घ्या, पण भावाच्या गोठ्यासाठी

प्रश्न थोडक्यात असा. वाचक कोल्हापूरचे, वय ४४, गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत सुपरवायझर. हातात पगार ६२ हजार, त्यातून घराचा हप्ता १४,५०० जातो. एफडी ९ लाख. मुलगी अकरावीत, मुलगा आठवीत. २०१७ ची बोलेरो पिकअप ४ लाख ८० हजारांना मिळते आहे. उद्यमनगरातल्या फॅब्रिकेटरने मागे पत्र्याची बंद केबिन, खिडक्या, आत पलंग, ओटा, कपाट असं २ लाख २० हजारांत करून देतो म्हटलंय. एकूण सात लाख: चार एफडी मोडून, तीन कर्ज काढून. "वर्षाला वीस रात्री तरी आम्ही बाहेर असतो, लॉजला अडीच हजार जातात, ते वाचतील. गाडी रिकामी असेल तेव्हा भाड्याने देऊ." गारगोटीजवळ भावाचा गोठा आहे आणि तो पेंड-वैरणीसाठी महिन्याला सहा-एक हजार टेम्पोभाडं देतो, हे वाचक पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलेत. माझ्या मते अख्ख्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच.

नमस्कार. हिशेबाआधी एक गोष्ट, कारण ती पैशापेक्षा मोठी आहे. "आम्ही दोघं पुढे, मुलं मागे गादीवर" असं तुम्ही लिहिलंय. हे चालणार नाही. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणूस बसवून नेता येत नाही. आरसी बुकावर जितक्या सीट लिहिल्यात तितकीच माणसं, तीही केबिनमध्ये. आणि अपघात झाला तर मालगाडीत असा फुकट बसलेल्या माणसाच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच स्पष्ट केलंय. गाडी उभी असताना मागे खुशाल झोपा, पण चाक फिरायला लागलं की मागे कुणी नको. म्हणजे चौघांची सहल या गाडीत होतच नाही. डबल केबिनची बोलेरो कॅम्पर घेतली तर चौघं बसतील, पण नावात कॅम्पर असलं तरी तीही मालवाहूच, आणि तिचा हौदा इतका आखूड की पाय पसरून झोपायची बोंब.

आता फॅब्रिकेटरची केबिन. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावून सांगितलं. उघड्या हौद्याची बंद खोली केली की बॉडीचा प्रकारच बदलतो. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आरटीओची आगाऊ मंजुरी घेऊन करणारे करतातही, पण तुमच्या कोटेशनमध्ये त्या कागदपत्रांची एक ओळसुद्धा नाही. "पासिंगच्या वेळी बघू" असं तो म्हणाला असेल, तर पासिंगला, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीला, तो नाही, तुम्ही उभे असणार आहात.

आणि पासिंग दूरही नाही. आठ वर्षांपर्यंत मालगाडीचं फिटनेस दोन वर्षांनी असतं, नंतर दरवर्षी. शिवाय आठ वर्षं झालेल्या व्यावसायिक गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो. २०१७ चं मॉडेल या दोन्हींत आलं. भाड्याने माल वाहणाऱ्या साडेसात टनांखालच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी विम्याचा हप्ता १६ हजारांच्या पुढे आहे. स्वतःचाच माल वाहणाऱ्याला तो कमी लागतो. विमा, पासिंग, कर, टायर आणि सर्व्हिसिंग मिळून वर्षाला ४५ हजार धरतोय, आणि हे हात आखडून धरलेत.

पाच वर्षांनी ही पिकअप फार तर सव्वादोन-अडीच लाखांना जाईल. घट वर्षाला ५० हजार. केबिनचे २ लाख २० हजार विकताना शून्य समजा, कारण पुढचा गिऱ्हाईक ती काढून टाकायचा खर्चच किमतीतून कापेल. ते वर्षाला ४४ हजार. चार लाखांवर सात टक्क्यांनी बुडालेलं एफडीचं व्याज २८ हजार. तीन लाखांचं कर्ज जुन्या गाडीला १४ टक्क्यांनी, चार वर्षांसाठी धरलं तर हप्ता साधारण ८,२००, व्याज ९३ हजारांच्या वर. पाच वर्षांत विभागून १९ हजार. वरचे ४५ हजार मिळवले की वर्षाला १ लाख ८६ हजार. वीस रात्रींनी भागा. एका रात्रीला ९,३०० रुपये, डिझेल आणि जेवण वेगळं.

त्या वीस रात्रीही जरा तपासून बघा. जून ते सप्टेंबर गगनबावडा, दाजीपूर, आंबोलीचा पाऊस पत्र्यावर वाजत असताना कोण झोपतंय? एप्रिल-मेमध्ये मालवणच्या किनाऱ्यावर तोच पत्रा भट्टी होतो, आणि भट्टीत तर तुम्ही रोज असताच. उरले चार-पाच महिने, त्यात मुलांच्या परीक्षा.

भाड्याने द्यायचा विचार कागदावरून खोडून टाका. ओळख ना पाळख अशा माणसाला बदल केलेली गाडी पैसे घेऊन द्यायची आणि त्याने करूळ घाटात काही करून ठेवलं, तर प्रकरण नोंदणीकृत मालकाच्या, म्हणजे तुमच्या दारात येतं. सरकारच कॅरव्हॅनला प्रोत्साहन देतंय असं तुम्ही लिहिलंय, ते राज्याचं २०२१ चं धोरण पर्यटनाचा धंदा करणाऱ्यांसाठी आहे. घरगुती जुगाड त्यात बसत नाही.

तुमच्याकडे मोकळा पैसा किती, हे पाहू. ९ लाखांतले अडीच लाख अडीअडचणीसाठी, म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च. मुलगी दोन वर्षांत बारावी पार करेल. प्रवेश आणि पहिल्या वर्षाच्या खर्चाला चार लाख बाजूला. राहिले अडीच. सात लाखांची गाडी या घरात बसत नाही, आणि हौसेसाठी १४ टक्क्यांचं कर्ज तर अजिबात नको. हौस करू नका असं मी म्हणणार नाही. रोज आठ तास ओतकामाच्या धगीत काढणाऱ्या माणसाला सुट्टीत झाडाखाली झोपावंसं वाटतं, यात चूक काय?

म्हणून भावाचा गोठा. तो वर्षाला ७२ हजार टेम्पोला देतोच आहे. पिकअप त्याने घ्यावी, त्याच्या नावावर, त्याच्या धंद्यासाठी. तुम्ही दीड लाख द्या, बाकीचे तो घालेल. विमा, पासिंग, सर्व्हिसिंग त्याच्या वाचलेल्या टेम्पोभाड्यातून निघतं. आठवडाभर गाडी पेंड वाहील, ठरलेल्या शनिवार-रविवारी तुमची. सख्खा भाऊ असला तरी दीड लाखांचा कागद करा आणि दिवाळीत गाडी कोणाकडे हेही आधीच बोला. भावाभावांत पैशापेक्षा सणाच्या दिवशीच्या गाडीवरून जास्त वाजतं.

सामान मात्र सुटं हवं. वेल्डिंग नाही, हौद्याला भोकं पाडणं नाही. प्लायवूडच्या दोन पेट्या, प्रत्येकी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, पंधरा इंच उंच. शेजारी शेजारी ठेवायच्या, मधल्या फटीवर फळी टाकायची, झाला दोघांचा पलंग. आत भांडी, कपडे, स्टोव्ह. हौद्याच्या कड्यांना रॅचेट बेल्टने आवळायच्या. वर पाइपच्या कमानींवर काढता-घालता येणारं ताडपत्रीचं हूड, जे निम्म्या पिकअपवर दिसतंच. प्लाय आणि सुतार २२ हजार, हूड १५, गादी ६, बॅटरी-पंखा-दिवे १२. एकूण ५५ हजारांच्या आसपास. बारा व्होल्टचा छोटा पंखा दोनेक अँपिअर घेतो, म्हणजे आठ तासांत सोळा. १०० अँपिअर-अवरची वेगळी बॅटरी निम्मीच वापरली तरी तीन रात्री जातात. गाडीच्या बॅटरीवर पंखा लावू नका, सकाळी धक्का मारायला माणसं शोधावी लागतील. स्वयंपाक बाहेर, ताडपत्रीच्या आत शेगडी पेटवायची नाही.

बिजागऱ्या आणि काचेची दारं टाळा. या गाडीचे मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, टनावारी मालासाठी असतात. दीडशे किलोच्या फर्निचरवर ते दबत नाहीत, मागची बाजू उड्या मारते आणि फोंडा घाट उतरेपर्यंत कपाटाचे स्क्रू तळाशी पडलेले असतात. मेकॅनिक पाट्याचं एखादं पान काढून देतो म्हणेल. काढू देऊ नका, सोमवारी भावाला त्याच पाट्यांवर पेंड भरायची आहे.

या मार्गाने तुमचा खर्च: दीड लाखांची घट वर्षाला १६ हजार, पेट्या-हूड ११ हजार, बुडालेलं व्याज १४ हजार. ४१ हजार, म्हणजे रात्रीला दोन हजारांच्या वर थोडे. लॉजपेक्षा फार स्वस्त नाही, पण कर्ज नाही आणि एफडीतले साडेसहा-सात लाख जागेवर. मुलांना घेऊन जाल तेव्हा एसटी आणि लॉज. तुमच्या पत्नीला हे सगळं पसंत आहे का, ते मात्र पत्रात कुठेच नाही.

भावाला गोठ्यापुरतीही गाडी नको असेल तर हा विषय दोन वर्षं मिटवा आणि चांगला तंबू घ्या.

तो तयार असेल तर ती गाडी खालून बघून या. एमएच ०७ किंवा ०८, म्हणजे सिंधुदुर्ग किंवा रत्नागिरी पासिंगची असेल तर आधी काय वाहत होती ते विचारा. मासळीच्या खाऱ्या पाण्याने चॅसीचा मागचा भाग आतून खाल्लेला असतो. छोट्या हातोडीने ठोका, खणखणीत वाजण्याऐवजी दबका आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर चहासुद्धा न घेता परत फिरा. बँकेची एनओसी, थकीत चलनं आणि शेवटच्या पासिंगची तारीख बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.