कट-ऑफ ‘डायरेक्ट’ करून दिलेलं मशीन

प्रश्न : लातूरला मी विद्यार्थ्यांची मेस चालवते. स्वतः उभी असते, हाताखाली दोन बायका आहेत. 14 महिन्यांपूर्वी 2 लाख 35 हजारांना मोठा डिशवॉशर घेतला. वॉरंटी दोन वर्षांची. नवव्या महिन्यापासून टाकीतलं पाणी फार तापतं. 60 अंशांवर लावलं तरी डिस्प्लेवर 78 येतं आणि मशीन बंद पडतं. सेन्सर दोनदा बदलला. तिसऱ्या खेपेला आलेल्या माणसाने कट-ऑफ डायरेक्ट करून दिला. डीलर आता म्हणतो, बोअरच्या पाण्याने हीटरवर क्षार धरलाय, वॉरंटी लागू नाही, 38 हजार भरा. बिल मेसच्या नावावर असल्यामुळे ग्राहक आयोगातही जाता येणार नाही म्हणे. काय करू?

उत्तर : ताई, कायद्याचं नंतर बोलू. आधी ते मशीन एमसीबीवरून बंद करा आणि कोणी चालू करणार नाही असं बघा. पाणी ठरल्यापेक्षा जास्त तापलं तर हीटरचा वीजपुरवठा तोडणं हे कट-ऑफचं काम. बाकी सगळं फसलं तरी शेवटची राखण त्याची असते, आणि ‘डायरेक्ट’ करताना, म्हणजे कट-ऑफ वगळून वायर थेट जोडताना, तीच काढून टाकली आहे. उद्या तुमच्याकडच्या बाईला भाजलं तर पहिला प्रश्न तुम्हालाच येईल, कारण स्वयंपाकघर तुमचं आणि धोका तुम्हाला माहीत होता.

मात्र ती जोडलेली वायर काढू नका. तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम पुरावा तीच आहे. परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा, वीज तोडून पॅनल उघडायला सांगा आणि वायर, हीटर, मशीनचा अनुक्रमांक यांचे फोटो काढा. त्याने जे पाहिलं तेवढंच तारखेसह लिहून सही करावी. तोवर डीलरचा माणूस ‘वर्कशॉपला नेतो’ म्हणाला तर मशीन देऊ नका. एकदा ते तिथे उघडलं गेलं की वायर होती की नव्हती, यावरच वाद सुरू होईल. त्याच्याशी झालेले व्हॉट्सॲप संदेश फोनमधून पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडून ते दाखल करता येतात.

आता क्षाराचं. लातूरकडच्या बोअरचं पाणी जड असतं हे तुम्हालाही ठाऊक आहे, त्यामुळे हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. क्षाराचा थर बसला की हीटरची उष्णता पाण्यात उतरत नाही आणि हीटरच आतून जळतो. पण तुमची तक्रार वेगळी आहे. डिस्प्ले 78 दाखवतो, म्हणजे पाणी तापल्याचं यंत्राला कळतं आहे. तरीही हीटर तोडला जात नाही. कॉन्टॅक्टर (हीटरची वीज चालू-बंद करणारा स्विच) चिकटून बसला असेल तर असंच होतं, आणि मग सेन्सर कितीदा बदलला तरी उपयोग नाही. कॉन्टॅक्टर तपासला होता का, हा प्रश्न नोटिशीत स्पष्ट विचारा. ‘अशी मशीन गरम असायचीच’ हे उत्तर मानू नका. भांडी शेवटी विसळणं साधारण 82 ते 85 अंशांच्या पाण्याने होतं हे खरं, पण धुण्याच्या टाकीचं तापमान 55 ते 65 च्या आसपास ठेवतात.

मशीन बसवल्याच्या दिवशीचा कागद शोधा. त्यात पाण्याच्या जडपणाचा रकाना असेल आणि तो कोरा असेल, किंवा सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा कमी करणारं यंत्र) लावा असं कुठेच लिहिलेलं नसेल, तर डीलरचा बचाव बराच ढिला पडतो. मशीन कशासाठी हवं ते तुम्ही सांगितलं आणि त्याच्या जाणकारीवर विसंबून घेतलं, तर ते त्या कामाला योग्य असलं पाहिजे, असं माल विक्री अधिनियम, 1930 चं कलम 16 सांगतं. सॉफ्टनर सांगूनही तुम्ही लावला नसेल, तर मात्र तुमची बाजू लंगडी होईल. हे वकिलाला आधीच मोकळेपणी सांगा.

‘तुम्ही ग्राहक नाही’ हे डीलरने घाबरवण्यासाठी म्हटलंय. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मधून व्यापारी कारणासाठीची खरेदी वगळली आहे, हे बरोबर. पण कलम 2(7) च्या स्पष्टीकरणानुसार, केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी कारणात येत नाही. कामाला एक-दोन माणसं मदतीला घेतली म्हणून ग्राहकपण जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात नमूद केलं आहे. बिलावर मेसचं नाव आहे एवढ्याने प्रश्न सुटत नाही, वापर कोण कसा करतं ते पाहिलं जातं. म्हणून तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा : मी स्वतः मेस चालवते, घर याच उत्पन्नावर चालतं, दुसरी शाखा नाही. हे वाक्य राहून गेल्यामुळे चांगल्या तक्रारी पडलेल्या मी पाहिल्या आहेत. दुसरी शाखा असेल, तर हा रस्ता अवघड आहे. मग दिवाणी न्यायालयात माल विक्री कायद्याखाली दावा करावा लागेल.

तक्रार लातूरच्याच जिल्हा आयोगात करता येते. बिलावर ‘पुणे न्यायक्षेत्र’ छापलं असलं तरी, तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे दाद मागायची मुभा ग्राहक संरक्षण अधिनियमाचं कलम 34 देतं. मोबदला, म्हणजे मशीनसाठी मोजलेली किंमत, 5 लाखांपर्यंत असल्याने फी नाही. मुदत दोन वर्षांची. ती नवव्या महिन्यातल्या पहिल्या तक्रारीपासून धरून चला, म्हणजे पाच महिने गेलेच. नुसती पत्रं पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही.

या आठवड्यात डीलर आणि उत्पादक कंपनी, दोघांनाही स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा आणि 15 दिवसांची मुदत द्या. मागणी अशी : मोफत व कायमची दुरुस्ती, नाहीतर मशीन बदलून किंवा पैसे परत. भांडी घासायला जादा बाई लावली असेल तर तिच्या पगाराची नोंद सहीनिशी ठेवा, ती रक्कम भरपाईत मागता येईल. सुरक्षा यंत्रणा बंद करून देणं ही सेवेतली गंभीर त्रुटी आहे, हे वेगळ्या परिच्छेदात लिहा आणि त्या भेटीचा सर्व्हिस रिपोर्ट मागा. 38 हजार भरू नका. मेस अडून भरावेच लागले, तर ‘हक्क राखून, हरकतीसह’ असं लिहूनच द्या, आणि काढलेला प्रत्येक जुना भाग पावतीसह परत मागून घ्या.