दोन्ही बॅटऱ्या एकदम का उतरतात?

प्रश्न : माझ्या गाडीत बोनेटखाली मुख्य बॅटरी आहे आणि छोट्या फ्रिजसाठी डिकीत दुसरी बसवून घेतली आहे. पावागडहून परतताना डॅशबोर्डवरचे सगळे दिवे क्षणभर गेले आणि परत आले. दोन दिवस गाडी उभी राहिली, तर सेल्फ लागेना. दोन्ही बॅटऱ्या उतरलेल्या. मुख्य बॅटरी वर्षभरात दोनदा बदलली आहे. गॅरेजमध्ये उन्हाला दोष देतात. काय करावे?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : कृपया इतक्यात तिसरी बॅटरी घेऊ नका. उन्हाने बॅटरीचे आयुष्य घटते हे खरे, पण वर्षात दोन बॅटऱ्या केवळ बडोद्याच्या उन्हाने जात नाहीत.

चालत्या गाडीत दिवे जाऊन लगेच परत येतात, तेव्हा बहुधा कुठेतरी जोड सैल असतो. उतरलेली बॅटरी अशी क्षणात सावरत नाही. टर्मिनलची पकड हाताने पिळून पाहा, जराही फिरली तर ती आवळून घ्या. नंतर मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाच्या शिशावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर अर्थिंगची तार काढून तिच्या बोल्टखालचा गंज घासून काढावा लागेल.

दोन्ही बॅटऱ्या एकदम उतरतात, याबद्दल माझा संशय त्यांना जोडणाऱ्या रिलेवर, म्हणजे आपोआप चालू-बंद होणाऱ्या विजेच्या स्विचवर आहे. इंजिन चालू असताना, म्हणजे अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारे जनित्र) 14 व्होल्टच्या आसपास देत असताना, रिलेने त्या जोडाव्यात आणि इंजिन बंद झाल्यावर तोडाव्यात. त्याचे पॉइंट चिकटले, की डिकीतला फ्रिज रात्रभर मुख्य बॅटरीही पीत राहतो. दोन्ही बॅटऱ्या चार्ज करून गाडी तासभर बंद ठेवा. मुख्य बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवी. मग अर्धा तास फ्रिज चालवा. डिकीतल्या बॅटरीबरोबर मुख्य बॅटरीचाही आकडा उतरला, तर रिले चिकटला आहे. मुख्य बॅटरीचा आकडा जागचा हलला नाही, तर गाडी लॉक करून तिची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा झोपू द्यावी आणि मुख्य बॅटरीतून किती करंट जातो ते मेकॅनिककडून मोजून घ्यावे. साधारण 50 मिलिअँपिअरच्या आत असावा.

रिले बदलताना आधी दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह सोडवा. जोडणाऱ्या केबलला दोन्ही बॅटऱ्यांजवळ एकेक फ्यूज आहे का, हेही तेव्हाच पाहा; ही केबल दोन्ही टोकांनी जिवंत असते, आणि एकाच बाजूचा फ्यूज उडाला तरी दुसरीकडून ती तापत राहते.