गोरिला पाहायला जावं का? जावं, पण कर्ज काढून नाही

कोल्हापूरच्या एका ताईंचं पत्र आलंय. वय 53, घरी शिकवण्या घेतात. यजमान 56 वर्षांचे, रक्तदाबाचा त्रास आहे, शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आहेत, 58 ला निवृत्त होतील. मुलगी नोकरीला लागली, तिच्या लग्नाचे पैसे बाजूला काढून ठेवलेत. राधानगरी, चांदोली पायी पालथं घातलेल्या या दोघांना आता आफ्रिकेच्या वर्षावनात गाइडबरोबर चालत जाऊन डोंगरी गोरिला पाहायचे आहेत. टूरवाल्यानं रवांडाचं दोघांचं साडेनऊ लाखांचं पॅकेज सांगितलंय. त्यातले 5 लाख बँक तीन वर्षांच्या वैयक्तिक कर्जातून द्यायला तयार आहे, बाकीचे 12 लाखांच्या मुदत ठेवीतून काढायचे. ठेव ऑक्टोबरमध्ये सुटते. घरकर्जाचे 6 लाख अजून फिटायचेत, सहा वर्षं राहिली आहेत, हप्ता 10,700. घरखर्च 45,000. सगळं भागवून महिन्याला 25,000 शिल्लक पडतात. दीर म्हणतात, एवढ्या पैशात सोनं घेऊन ठेवा. ताई विचारतात, ही उधळपट्टी आहे का? आणि जायचंच तर निवृत्तीनंतर फंडाचे पैसे हातात आल्यावर गेलेलं बरं का?

ताई, नमस्कार.

उधळपट्टी नाही. तुम्ही दोघांनी आयुष्यभर हौस म्हणून जंगलंच पाहिलीत, आणि हे जंगल पैसे भरून दुसरीकडे कुठे पाहायला मिळत नाही. डोंगरी गोरिला जगातल्या एकाही प्राणिसंग्रहालयात नाहीत. ते फक्त युगांडा, रवांडा आणि काँगोच्या सीमेवरच्या डोंगरांत उरलेत. 2019 साली जाहीर झालेला आकडा होता 1,063. दिरांचा मुद्दा मी बाजूला ठेवतो, कारण सोनं ही गुंतवणूक आणि सहल हा खर्च. खर्चाला एकच प्रश्न विचारायचा: तो केल्यावर घराच्या बाकीच्या गरजा जागच्या जागी राहतात का?

साडेनऊ लाखांच्या पॅकेजनं त्या राहत नाहीत. 5 लाखांचं कर्ज 13 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण 16,850 बसतो आणि व्याजापोटी लाखाच्या वर जातात. त्याहून मला काळजी वाटते ती तारखांची. यजमानांचा पगार आणखी दोन वर्षं आहे, या कर्जाचे हप्ते तीन वर्षं चालतील. घरकर्जाचेही चार वर्षांचे हप्ते निवृत्तीनंतरचे आहेत. पगार थांबल्यावर दोन-दोन हप्ते शिकवण्यांच्या उत्पन्नातून आणि पीएफच्या पेन्शनमधून भरायचे, तेही आठवडाभराच्या प्रवासासाठी, हे मला अजिबात पटत नाही. कर्जाचा विचार आजच सोडा.

आता देश. गोरिला पाहायला परवाना लागतो, आणि खर्चातला सगळ्यात अडेल आकडा तोच. रवांडानं 2017 साली तो 750 डॉलरवरून एकदम 1,500 वर नेला. युगांडात जुलै 2024 पासून परदेशी पाहुण्याला 800 डॉलर पडतात. डॉलर 90 रुपये धरला, तर दोघांचे रवांडात 2,70,000 आणि युगांडात 1,44,000 होतात. फरक सव्वा लाखाचा, म्हणजे त्या कर्जाच्या सगळ्या व्याजाहूनही जास्त. दोन्हीकडे गोरिलांच्या एका कुटुंबाकडे दिवसाला आठच पाहुणे सोडतात आणि त्यांच्यासोबत तासभरच थांबू देतात. रवांडात रस्ते चांगले, राजधानी किगालीहून गोरिलांचं ज्वालामुखी उद्यान दोन-अडीच तासांवर. युगांडात एंटेबेच्या विमानतळाहून ब्विंडीच्या जंगलात पोचायला अख्खा दिवस गाडीत जातो. तेवढा दिवस सोसायची तयारी असेल तर ब्विंडी निवडा. जगातले जवळपास निम्मे डोंगरी गोरिला त्याच जंगलात आहेत, आणि 1994 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. काँगोचं परमिट स्वस्त असतं, पण तिथली सुरक्षा पाहता त्या वाटेला जाऊ नका.

युगांडाचा दोघांचा खर्च माझ्या अंदाजानं सहा लाखांच्या आसपास बसावा. परवाने, विमान, ड्रायव्हरसह गाडी, साधे लॉज, व्हिसा, विमा आणि अडीअडचणीचे पन्नासेक हजार धरून. टूरवाल्याकडून प्रत्येक बाब वेगळी लिहून मागा. परवान्याची फी स्वतंत्र दाखवायला तो कां कूं करत असेल, तर दुसरा गाठा.

हे सहा लाख असे उभे करा. ऑक्टोबरमध्ये ठेव सुटली की 9 लाख पुन्हा ठेवा, तेही तीन-तीन लाखांच्या तीन पावत्या करून, म्हणजे गरज पडली तर एकच मोडावी लागेल. घरखर्च आणि घरकर्जाचा हप्ता मिळून महिन्याला 55,700 होतात, म्हणजे या 9 लाखांत सव्वा वर्षाहून जास्त निभाव लागतो. निवृत्तीच्या उंबरठ्यावर याहून कमी गंगाजळी नको. उरलेले 3 लाख सहलीचे. बाकीचे 3 लाख पुढच्या बारा महिन्यांच्या शिल्लकेतून, आरडी लावून जमवा. वर्षभरात लागणारे पैसे शेअर बाजारात घालू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

परवाना मात्र आधी घ्या, बाकीचं नंतर. तारीख ठरली की त्या 3 लाखांतून लगेच पैसे भरा. एक तर कोरड्या हंगामात, म्हणजे जून ते ऑगस्ट आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत, परवाने लवकर संपतात. शिवाय डॉलर वर गेला किंवा फी वाढली तरी हा आकडा तुमच्यापुरता गोठतो. तारीख बदलायच्या आणि पैसे परत मिळायच्या अटी लेखी घ्या. त्या दिवशी सर्दी-खोकला असेल तर रेंजर जंगलात सोडत नाहीत, कारण माणसाची सर्दी गोरिलांच्या जिवावर बेतू शकते. पॅकेज घेताना टूरवाला टीसीएसही घेईल, म्हणजे सरकारसाठी तुमच्याकडून आगाऊ गोळा केलेला कर. तो खर्चात धरू नका, आयकर विवरणपत्रात त्याचं क्रेडिट मिळतं. पण भरताना तेवढी रक्कम हाताशी हवी, आणि पॅन ज्याच्या नावावर क्रेडिट हवंय त्याचाच द्या.

निवृत्तीनंतर जायचं का, या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे, आणि कारण फक्त पैशाचं नाही. युगांडात शिरायला पिवळ्या तापाची लस सक्तीची आहे. साठीनंतर ही लस देताना डॉक्टर फार जपून निर्णय घेतात, कारण गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. यजमान 56 चे आहेत. लस अधिकृत केंद्रातच मिळते, दाखला लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतो आणि आता तो आयुष्यभर चालतो. दाखल्याशिवाय भारतात परतलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. आणि गुडघे आहेतच. सकाळी माग काढणारे पुढे जाऊन आदल्या रात्रीची घरटी शोधतात, रेडिओवरून रेंजरला कळवतात आणि मग तुमची टोळी निघते. कधी तासाभरात गाठ पडते, कधी पाच-सहा तास चिखलाचा उभा चढ. खाजकुयलीसारखी झोंबणारी झुडपं हातानं बाजूला सारावी लागतात म्हणून हातमोजे, मुंग्या चढू नयेत म्हणून पँट मोज्यात खोचलेली. दाजीपूरच्या पावसाळ्यात चाललेल्यांना हे नवं नाही, पण साठीनंतर जड जाईल.

एका ठिकाणी मात्र हात आखडू नका. दोघांनी स्वतंत्र पोर्टर घ्या. माणशी पंधरा-वीस डॉलरचा प्रश्न आहे. तो सॅक उचलतो, चढावर हात देतो, आणि बहुतेकदा जंगलाला लागून असलेल्या गावातलाच असतो. युगांडात उद्यानाच्या प्रवेश फीचा 20 टक्के वाटा भोवतालच्या गावांना जातो. गोरिला जिवंत राहण्यात तिथल्या शेतकऱ्याचा फायदा आहे म्हणून ते टिकलेत, आणि तुमचा पैसा त्या व्यवस्थेत जातोय याचं मला मनापासून समाधान वाटतं. या खर्चासाठी थोडे रोख डॉलर न्या, पण नोटा नव्या छापाच्या मागून घ्या. जुन्या, मळक्या नोटा तिथे नाकारतात किंवा कमी भावानं घेतात.

विम्यात यजमानांचा रक्तदाब लपवू नका. दुर्गम भागातून उचलून दवाखान्यात न्यायचा खर्च आणि डोंगरातली पायपीट या दोन्ही गोष्टी पॉलिसीत बसतात का, ते ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा. आणि टूरवाल्याला उद्याच फोन करून युगांडाचं कोटेशन मागा. ते आलं की मला पाठवा, आरडीचा आकडा त्यावरून नक्की करू.