कर्नलमधली मोजणी : लिहिणाऱ्याला हलकी, वाचणाऱ्याला जड

कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) आत कामगिरी मोजण्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत. उदाहरणं लिनक्सची आहेत, पण अडचणी कुठल्याही कर्नलला लागू पडतात.

प्रश्न : ड्रायव्हरकडे किती विनंत्या आल्या हे मोजायला आम्ही एकच अटॉमिक काउंटर (एका वेळी एकाच कोअरला बदलता येईल असा) ठेवला. ३२ कोअरच्या सर्व्हरवर तो चालू केला की काम स्पष्ट मंदावतं. एका इन्स्ट्रक्शनचा एवढा भार कसा?

इन्स्ट्रक्शन एकच आहे, पण तिला लागणारी कॅश लाइनही (कोअरजवळच्या जलद स्मृतीत एकदम हलणारा तुकडा) एकच आहे, आणि दुखणं तिथे आहे. काउंटरमध्ये लिहायचं तर कोअरला ती ६४ बाइटची लाइन पूर्णपणे स्वतःच्या ताब्यात घ्यावी लागते. इतर कोअरच्या कॅशमधल्या तिच्या प्रती तेव्हा बाद होतात. लगेच दुसरा कोअर तीच लाइन ओढून घेतो, मग तिसरा. एकाच वहीत नोंद करायला ३२ जण रांगेत उभे राहिले तर दुसरं काय होणार?

प्रत्येकाला स्वतःची वही द्या. लिनक्समधली पर-सीपीयू व्हेरिएबल, म्हणजे प्रत्येक कोअरची वेगळी प्रत असलेली, यासाठीच आहेत. एक्स८६ (इंटेल-एएमडीच्या) प्रोसेसरवर त्यात एक मिळवणं हे लॉक प्रीफिक्सशिवाय (इतर कोअरना थोपवणाऱ्या खुणेशिवाय) एका इन्स्ट्रक्शनमध्ये होतं, त्यामुळे मध्येच इंटरप्ट आला किंवा टास्क दुसऱ्या कोअरवर हलवला गेला तरी नोंद अर्धवट राहत नाही. बेरीज वाचणाऱ्याने करायची. लिहिणं सेकंदाला लाखो वेळा होतं, वाचणं फार तर एकदा. तेव्हा खर्च वाचणाऱ्याच्या माथी मारणंच रास्त.

हे टाळून ३२ खणांचा साधा अ‍ॅरे मात्र करू नका. ८ बाइटचे आठ काउंटर एकाच लाइनीत बसतात आणि कोअर वेगवेगळ्या खणांत लिहीत असूनही लाइनीसाठी भांडत राहतात. हेच फॉल्स शेअरिंग. कोड वाचून ते सहसा दिसत नाही. पाहोल हे साधन स्ट्रक्चरमधल्या फील्डची मांडणी दाखवतं आणि पर्फ या लिनक्सच्या कामगिरी मोजणाऱ्या साधनातलं सी२सी भांडणारी लाइन नेमकी पकडून देतं.

बेरीज करताना एक चूक मी स्वतः केली आहे, म्हणून आवर्जून सांगतो. मी फक्त ऑनलाइन असलेल्या कोअरची बेरीज घेत होतो. कोणीतरी एक कोअर ऑफलाइन केला आणि कधीच कमी होऊ नये असा आकडा खाली उतरला. त्या कोअरच्या वहीतल्या नोंदी खऱ्याच असतात. बेरीज ऑफलाइन असलेल्यांसह सगळ्या कोअरची घ्या, किंवा कोअर जाताना त्याची शिल्लक दुसरीकडे जमा करा.

आकड्यावर निर्णय घ्यायचा असेल, जसं फाइल सिस्टिममधले मोकळे ब्लॉक, तर दर वेळी पूर्ण बेरीज परवडत नाही. त्यासाठी पर-सीपीयू काउंटर नावाचं तयार स्ट्रक्चर आहे. त्यात प्रत्येक कोअर ठरावीक बॅच भरेपर्यंत स्वतःकडे साठवतो आणि मग मुख्य आकड्यात टाकतो. बॅच ३२ किंवा कोअरसंख्येच्या दुप्पट, यांतली मोठी. तुमच्याकडे ती ६४ होईल, म्हणजे झटपट वाचलेला आकडा फार तर ३२ × ६४, सुमारे २,००० ने चुकेल. मर्यादा तितकी जवळ आली तरच अचूक बेरीज मागा.

प्रश्न : ३२ बिटच्या बोर्डवर ६४ बिटचा बाइट-काउंटर क्वचित एकदम ४ जीबीने उडी मारतो आणि पुढच्या वाचनात ठीक होतो.

तिथे ६४ बिटची किंमत दोन तुकड्यांत लिहिली जाते. खालचा तुकडा भरून शून्यावर आला आणि वरच्यात हातचा मिळवला, या दोन कृतींच्या मधोमध तुम्ही वाचलंत. ३२ बिटवर भागवणं हा उपाय नव्हे. १ गिगाबिटच्या जोडणीवर तो काउंटर सुमारे ३४ सेकंदांत उलटतो.

सीक्वेन्स काउंटर वापरा. लिहिणारा सुरुवातीला आणि शेवटी एक क्रमांक वाढवतो. वाचणाऱ्याला तो विषम दिसला किंवा वाचताना बदललेला आढळला, तर तो पुन्हा वाचतो. लिनक्सच्या नेटवर्क कोडमध्ये यासाठी यू६४ स्टॅट्स सिंक आहे. ६४ बिटच्या यंत्रावर त्याचा खर्च जवळपास शून्य असतो. धोका एकच : लिहिणं अर्धवट असताना त्याच कोअरवर इंटरप्ट आला आणि त्याने तोच आकडा वाचायला घेतला, तर तो कायमचा फिरत राहील. तशी शक्यता असेल तिथे लिहिताना इंटरप्ट बंद ठेवा.

प्रश्न : मोजणी बंद असतानाही प्रत्येक ठिकाणी ‘चालू आहे का’ ही तपासणी करावीच लागते ना?

नाही. स्टॅटिक की, ही कर्नलमधली चालू-बंद कळ, वापरा. बंद असताना तिथे फक्त नो-ऑप (काहीच न करणारी इन्स्ट्रक्शन) असतो. चालू केल्यावर कर्नल स्वतःचा कोड बदलून तिथे जंप बसवतो. बदलणं महाग पडतं, पण ते क्वचितच होतं.

प्रश्न : डिस्कच्या विलंबाची सरासरी चांगली दिसते, पण वापरकर्ते अडकल्याची तक्रार करतात. प्रत्येक विलंब साठवावा का?

तक्रारीवर विश्वास ठेवा, सरासरीवर नको. हजारात पाच विनंत्या अर्धा सेकंद अडकल्या तरी सरासरीत त्या केवळ अडीच मिलिसेकंदांची भर घालतात.

सगळं साठवायची गरज नाही. दोनच्या घातांचा हिस्टोग्राम ठेवा : विलंबाच्या नॅनोसेकंदांतला सर्वांत वरचा १ असलेला बिट शोधायचा, तोच खण. ६४ खण, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे प्रत्येक कोअरला ५१२ बाइट. भागाकार नाही, दशांश नाही. कर्नलमध्ये फ्लोटिंग पॉइंट सहसा वापरत नाहीत, तेव्हा हे सोयीचंच. खण फार रुंद वाटले तर प्रत्येकाचे आठ समान भाग करा, चूक १२.५ टक्क्यांच्या आत येते. आणि हिस्टोग्रामची कोअरवार बेरीज करता येते. प्रत्येक कोअरचा ९९ वा पर्सेंटाइल (ज्याच्या आत ९९ टक्के विनंत्या बसतात तो विलंब) काढून त्यांची सरासरी घेतली, तर त्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही.

प्रश्न : प्रोसेसरमधला हार्डवेअर काउंटर ओव्हरफ्लो झाला (भरून उलटला) की आमचा हँडलर स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत फिरत वाट पाहायला लावणारा लॉक) घेऊन नमुना यादीत टाकतो. काही तासांनी यंत्र गोठतं.

एक्स८६ वर तो इंटरप्ट एनएमआय (बंद करता न येणारा इंटरप्ट) म्हणून येतो. इंटरप्ट बंद केलेल्या भागातही तो घुसतो. यादी वाचणाऱ्याने लॉक धरलेला असताना त्याच कोअरवर तो आला, तर ज्याला थांबवून तो आला त्याचीच वाट पाहत बसतो. इथे लॉक चालत नाही, साधं मेमरी अ‍ॅलोकेशनही नाही. नमुन्यांची जागा आधीच राखून ठेवायला हवी.

म्हणून प्रत्येक कोअरला एक रिंग बफर (शेवट आला की पुन्हा सुरुवातीपासून वापरला जाणारा) द्या. आकार दोनचा घात ठेवला की जागा काढायला भागाकाराऐवजी मास्क (फक्त खालचे बिट घेणं) पुरतो. २००९ मध्ये २.६.३१ आवृत्तीत आलेल्या पर्फची रचना अभ्यासण्यासारखी आहे. पहिलं पान माहितीचं, पुढे दोनच्या घाताइतकी पानं डेटाची. हेड (कुठपर्यंत लिहिलं) फक्त कर्नल हलवतो, टेल (कुठपर्यंत वाचलं) फक्त वाचणारा प्रोग्रॅम. प्रत्येक आकड्याला एकच मालक असल्याने त्या दोघांत लॉक लागत नाही, मात्र मेमरी बॅरियर (वाचन-लेखनाचा क्रम पाळायला लावणाऱ्या सूचना) जागच्या जागी हवेत.

खरी कसोटी पुढे आहे. साधा इंटरप्ट नमुना लिहीत असताना एनएमआय येऊन त्याच बफरमध्ये लिहू शकतो. यासाठी जागा राखणं आणि ती जाहीर करणं या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवतात. आतला लिहिणारा पुढची जागा राखतो, भरतो आणि परततो. हेड पुढे सरकवतो तो सर्वांत बाहेरचा. त्यामुळे वाचणाऱ्याला अर्धवट नोंद कधी दिसत नाही. त्याला जागं करण्याचं कामही हँडलरमध्ये करू नका, आयआरक्यू वर्कवर (असं काम नंतर सुरक्षित वेळी उरकणारी कर्नलची सोय) सोपवा.

बफर भरला तर नवा नमुना टाकून द्या, पण किती टाकले याचा आकडा ठेवा आणि जागा झाली की तो नोंद म्हणून लिहा. पर्फ तेच करतो. ती नोंद नसेल तर सर्वांत जास्त ताणाच्या क्षणी आलेख शांत दिसतो आणि ज्या क्षणासाठी हे सगळं उभारलं तोच हातातून निसटतो.