बँकॉकमध्ये पर्यटकांच्या गर्दीपासून दूर, चांगले आणि परवडणारे थाई जेवण कसे शोधावे?

तुम्ही विचारले आहे की डिसेंबरात पाच दिवस बँकॉकला जाणार आहात, सोबत शाकाहारी आई आहे, आणि खाओ सान रस्त्यावरच्या फोटोवाल्या मेन्यूकार्डांच्या नादी न लागता तिथली माणसे रोज जिथे जेवतात तिथे, खिशाला झेपेल असे जेवण कसे शोधावे. नोकरीच्या निमित्ताने मी त्या शहरात तीन वर्षे राहिलो आणि त्यातले पहिले दोन-तीन महिने चुकीच्या जागी जेवण्यात घालवले, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पर्यटकांपासून दूर जायचे म्हणजे तासभर प्रवास करून शहराच्या टोकाला जावे लागेल, अशी माझीही समजूत होती. ते अंतर बहुतेक वेळा एका गल्लीचे असते आणि त्याहून अधिक घड्याळाचे असते. बँकॉकमधल्या कचेऱ्यांतली माणसे बाराच्या सुमारास एकदमच जेवायला बाहेर पडतात. त्यांच्यासाठी चालणाऱ्या खानावळी सकाळपासून रांधून तयार असतात आणि दोन वाजेपर्यंत त्यांचे बरेचसे ट्रे खरवडून धुवायला गेलेले असतात. पर्यटक मात्र हॉटेलातली न्याहारी उशिरा आटोपतो, एखादे मंदिर पाहतो आणि अडीच वाजता भूक लागली म्हणून बाहेर नजर टाकतो, तेव्हा त्याला उघडे दिसते ते वातानुकूलित, इंग्रजी पाटीचे आणि दुप्पट-तिप्पट दराचे. तेव्हा साडेअकराला जेवायला बसा, एवढे केले तरी निम्मे काम झाले. सिलोम या कचेऱ्यांच्या भागातल्या पाचव्या सोईत, म्हणजे गल्लीत, ‘लालाय साप’ नावाचा बाजार आहे. बाहेर हमरस्त्यावर कचेऱ्यांचे मनोरे आणि आत त्याच कचेऱ्यांतली मंडळी गळ्यात ओळखपत्र अडकवून कपडे न्याहाळत, जेवण बांधून घेत फिरत असतात. नावाचा अर्थ ‘पैसा विरघळवणारा’ असा आहे, आणि त्यातला ‘साप’ हा संस्कृत ‘द्रव्य’ शब्दापासून आलेला आहे, हे मला फार उशिरा कळले.

शोधायची ती मुख्य गोष्ट म्हणजे ‘खाव कॅंग’चे दुकान. ‘खाव’ म्हणजे भात आणि ‘कॅंग’ म्हणजे कालवण; दर्शनी काचेमागे दहा-पंधरा ट्रे किंवा पातेली मांडलेली असतात, तुम्ही बोट दाखवायचे आणि त्या भाताच्या ताटलीवर ते वाढून देतात. एका पदार्थासह भात साधारण 50 ते 60 बाटांना मिळतो, दोन पदार्थ घेतले तर थोडे अधिक. एक बाट म्हणजे ढोबळमानाने अडीच ते तीन रुपये धरा. मेन्यूकार्ड नसते, त्यामुळे भाषेची अडचणही नसते.

अशी दुकाने पाहायला मी पाहुण्यांना नेहमी वांग लांगला नेत असे. राजवाडा पाहून झाला की बहुतेक पर्यटक तिथल्याच रस्त्यावर जेवतात. तुम्ही थोडे चालून था फ्रा चान धक्क्यावर या आणि मोजक्या बाटांत फेरीबोटीने चाओ फ्राया नदी ओलांडा. पलीकडे सिरिराज रुग्णालय आहे, 1888 साली सुरू झालेले, थायलंडमधले सर्वांत जुने, आणि त्याला लागून वांग लांगचा बाजार आहे. तिथे जेवणारे लोक म्हणजे परिचारिका, वैद्यकीय विद्यार्थी आणि रुग्णांचे नातेवाईक. रोज तेच गिऱ्हाईक परत येणार असेल तर दुकानदाराला शिळे खपवता येत नाही आणि दरही वाढवता येत नाही. आयुष्यात एकदाच येणाऱ्या पर्यटकाच्या बाबतीत हा धाक नसतो. म्हणून अनोळखी भागात मी आधी रुग्णालय, विद्यापीठ किंवा भाजीबाजार कुठे आहे ते पाहतो.

याच बाजारात पहिल्यांदा गेलो तेव्हा हळदीच्या रंगाचे एक पातळ कालवण पाहून मला घरची माशाची आमटी आठवली आणि मी आत्मविश्वासाने बोट दाखवले. ते दक्षिण थायलंडचे कॅंग लुआंग होते. आंबट, बांबूचे कोंब घातलेले आणि कोल्हापुरी माणसालाही घाम फुटावा इतके तिखट. दोन घासांत माझे कान गरम झाले. वाढणाऱ्या बाईंनी काही न बोलता काकडी, चवळीच्या शेंगा आणि कसल्याशा कोवळ्या पानांची थाळी माझ्यापुढे सरकवली आणि भातावर एक ऑम्लेट ठेवले. कच्च्या भाज्यांची ती थाळी दाक्षिणात्य खानावळीत फुकट असते आणि ती जीभ शांत करण्यासाठीच असते, हे मला ठाऊक नव्हते. पुढे मी त्यांना ‘पा’ म्हणू लागलो. आपण अनोळखी बाईला मावशी म्हणतो तसेच ते आहे, आणि त्या शब्दाने वाढणाऱ्या पळीत फरक पडतो.

दुपारनंतर किंवा रात्री भूक लागली तर ‘आहान ताम सांग’ अशी दुकाने पाहा. ‘आहान’ हा आपला आहारच आहे, आणि ‘ताम सांग’ म्हणजे सांगाल त्याप्रमाणे. ‘सांग’चे साम्य मात्र निव्वळ योगायोगाचे. एक मोठी कढई, भडकलेला गॅस आणि तीन-चार टेबले एवढाच संसार असतो. इथे स्वयंपाक्याची पारख करायची असेल तर पॅड कप्राव मागवा. कप्राव म्हणजे आपली तुळसच, वृंदावनातली; लसूण-मिरचीबरोबर ती मांसाच्या खिम्यात परतलेली पाहून आईला जरा चमत्कारिक वाटेल, मलाही वाटले होते. पर्यटकांच्या हॉटेलांत हाच पदार्थ बऱ्याचदा दुसऱ्याच गोडसर वासाच्या पानांनी आणि कांदा, छोटी मक्याची कणसे घालून वाढवलेला असतो. खरी तुळस कढईत पडली की रस्त्यावर उभ्या माणसालाही ठसका लागतो. तो ठसका लागला तर बसा.

आईंसाठी मात्र अधिक सावध राहावे लागेल. भाजीच्या पदार्थातही मासळीचा रस, म्हणजे ‘नाम प्ला’, किंवा कालवांचे, म्हणजे ऑयस्टर सॉस सर्रास पडते, आणि ‘मांस नको’ एवढे सांगून ते टळत नाही. ‘मांगसाविरात’ हा शब्द चालतो, तो ‘मांसविरती’पासूनच आला आहे, पण त्यात अंडे चालते असे बरेच जण धरतात. त्यापेक्षा पिवळ्या पट्टीवर लाल थाई अक्षर असलेली ‘चे’ची दुकाने शोधा. या चिनी परंपरेच्या जेवणात मांस, मासे, अंडी आणि दूध तर नसतेच, शिवाय कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे ते आपल्या जैन जेवणाच्या बरेच जवळ जाते. चव थोडी सपक असते, हे खरे.

नकाशावर शोधताना पदार्थाचे नाव थाई लिपीत चिकटवून शोधा. इंग्रजीत शोधले की परदेशी लोकांनी गौरवलेलीच ठिकाणे वर येतात. ‘वोंगनाय’ या थाई ॲपवर तिथल्या लोकांनी काढलेले ताटाचे फोटो पाहता येतात. जुन्या दुकानांच्या भिंतीवर वाडग्याचे चित्र असलेली ‘शेल छुआन छिम’ची पाटी दिसते, पेट्रोल कंपनीच्या नावाने 1961 साली सुरू झालेली ही शिफारस मिशेलिन ही फ्रेंच खाद्य-मार्गदर्शिका बँकॉकला येण्याच्या खूप आधीची आहे आणि मी अजूनही तिच्यावर थोडा अधिक विश्वास ठेवतो, कारण मिशेलिनची पाटी लागली की रांगेत अर्धे लोक पर्यटकच असतात. संध्याकाळसाठी स्कायट्रेनने तालात फ्लूला जा. नाव विड्याच्या पानांच्या बाजारावरून पडले आहे, आणि तिथल्या रेल्वे स्थानकाभोवतीचे खाणे सुखुमवित या हॉटेलांच्या महागड्या भागापेक्षा खूपच स्वस्त आहे. पाऊस आला किंवा आई थकल्या तर असोक स्थानकाला जोडलेल्या टर्मिनल 21 मॉलमधले वरच्या मजल्यावरचे फूड कोर्ट, तिथे आधी पैसे भरून कार्ड घ्यायचे, हा मी पर्यटकी म्हणून हिणवणार नाही असा एकमेव पर्याय आहे.

सुटे पैसे जवळ ठेवा, कारण छोट्या दुकानांत थाई बँकांच्या क्यूआर कोडवर किंवा रोखीनेच व्यवहार होतो आणि सकाळी हजाराची नोट पुढे केली की मालकिणीचा चेहरा उतरतो. बऱ्याच हातगाड्या सोमवारी लागत नाहीत, तेव्हा त्या दिवशी बाजारातले पक्के दुकान धरा.