अपघात हुबळीत झाला

पुणे, मंगळवार रात्र

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

नाव मुद्दाम घालत नाही. हे पत्र तुझ्याआधी तुझी आई वाचणार, हे मला ठाऊक आहे. वाचू दे. तिला म्हणावं, कन्याकुमारीला जा असं काका कुठेही सांगत नाहीयेत. जाऊ नको असंही नाही.

कन्याकुमारीला जाताना पडलेली तुझी मोटरसायकल आज सकाळी मार्केटयार्डातून आणली. ब्याडगी मिरचीच्या पोत्यांना टेकून आली होती. टाकीवरून फडकं फिरवलं तर मला आणि गॅरेजातल्या पोराला शिंकाच शिंका. अजून एक नटही हलवलेला नाही. विम्याचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत हलवणारही नाही, तेव्हा 'काका, कधी होईल' असं रोज विचारू नकोस. पण दिवसभर येता-जाता बघत होतो. पडलेली गाडी पुष्कळ बोलते, आणि मालकापेक्षा खरं बोलते.

डावी बाजू घासली आहे. क्लचचा लिव्हर वाकलाय, गिअरचा लिव्हर इंजिनच्या कव्हरला जाऊन टेकलाय, लेगगार्ड आत आलाय. समोरचा फोर्क मला सरळ वाटतो. टी, म्हणजे फोर्क वरून धरणारा भाग, जराशी फिरली असेल, पण तेवढंच. म्हणजे तू समोर कशावरही आदळला नाहीस. गाडी घसरून आडवी झाली आणि रस्त्यावरून सरकत गेली. हे तूही सांगितलंस: हावेरी सोडल्यावर ब्याडगी फाट्याच्या अलीकडे डायव्हर्जन आलं, सर्व्हिस रोडला उतरताना खडी होती, गाडी गेली. बरोबर.

आता मागचा टायर. त्यावर एका जागी चार बोटं लांबीचा सपाट डाग आहे. बोट फिरवलं की कळतं, सगळीकडे खाचा आणि तिथे गुळगुळीत. चाक जाम होऊन रस्त्यावर फरपटल्याशिवाय असा डाग पडत नाही. पुढच्या टायरला काही नाही. तुझ्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय, आहे; पण सिंगल चॅनल, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला. तू खडी बघितलीस, घाबरलास आणि पायाचा, म्हणजे मागचा, ब्रेक जीव खाऊन दाबलास. मागे दोन्ही बाजूंना सामान लटकलेलं, गाडी डावीकडे वळत असलेली. मागचं चाक जाम झालं आणि बाहेर निघून गेलं. हाताचा, म्हणजे पुढचा, ब्रेक तू बहुतेक शेवटच्या क्षणी लावलास, किंवा लावलाच नाहीस.

यात तुझा एकट्याचा दोष नाही. आपल्याकडे प्रत्येक पोराला सायकलपासून शिकवतात, 'पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर पडशील.' पुण्यातल्या गर्दीत पंचवीसच्या स्पीडने ते खपूनही जातं. हॉर्न आणि मागचा ब्रेक यांवर इथे लोकांची अख्खी हयात निघते. पण ब्रेक लागला की वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं, आणि गाडी थांबवण्याचं बरंचसं काम पुढच्यालाच करावं लागतं. अर्थात खडीवर वळताना पुढचा कचकन दाबला असतास तरी पडलाच असतास. स्पीड कमी करायची जागा खडीच्या आधी होती, डांबर सरळ होतं तिथे.

इथपर्यंत तुला पटेल. पुढचं पटायला मला स्वतःला सात वर्षं लागली होती.

तुझा अपघात ब्याडगी फाट्यावर झालाच नाही. तो हुबळीत झाला, दुपारी चार-सव्वाचारला.

तूच मला सांगितलंस, मी फक्त क्रम लावतोय. पहाटे पाचला निघणार होतास. मित्र सोडायला आले, खेड शिवापूरला मिसळ झाली, फोटो झाले, निघेपर्यंत साडेसात. पुढे शेंद्र्यापासून कागलपर्यंत सहापदरीकरणाची डायव्हर्जनं, त्यात आणखी तास गेला. पहिला मुक्काम चित्रदुर्ग ठरवलेला, म्हणजे पुण्याहून साधारण ६४० किलोमीटर. हे तू घरी सांगितलंस, मित्रांना सांगितलंस आणि 'दिवस पहिला' म्हणून मोबाईलवर टाकूनही मोकळा झालास. हुबळीला आलास तेव्हा पाठ धरली होती, दुपारचं जेवण झालं नव्हतं आणि अजून दोनशे किलोमीटर बाकी होते. तिथे तू पंपावर थांबलास, पेट्रोल भरलंस, घड्याळ बघितलंस आणि म्हणालास, 'ओढतो.'

हा जो 'ओढतो' आहे ना, तोच अपघात. खडी नंतर आली.

ताशी ८० ने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. दोन एसट्या एकामागे एक उभ्या कर, तेवढं. थकलेल्या, उपाशी माणसाला दिसलेलं समजायला अर्धा सेकंद जास्त लागला, की अख्खी एक एसटी गेली, आणि अजून ब्रेकला पायही लागलेला नाही. सकाळी नऊला तीच खडी तुला आधी दिसली असती, तू गिअर उतरवून निवांत गेला असतास आणि संध्याकाळी ती तुला आठवलीही नसती.

माझं सांगतो. १९९७, आंबोली घाट, जून महिना, येझदी. पडलो. सात वर्षं मी सगळ्यांना सांगत होतो, रस्त्यावर ऑइल होतं. होतंच ऑइल. पण सावंतवाडीला मित्राकडे जेवायला पोचायचं कबूल केलं होतं, त्याच्या बायकोने बांगडे आणून ठेवले होते, आणि आजऱ्याला पाऊस कोसळत असताना टपरीवाला 'बसा हो पाहुणं, जाईल तासाभरात' म्हणत होता, ते मी कोणाला सांगत नव्हतो. स्वतःलाही नाही.

ग्रुपने जाताना एकाला सारखं लागतं बघ. दर पन्नास किलोमीटरला हात वर. आपण त्याला हसतो. खरं तर तो ग्रुपचा ब्रेक असतो. त्याच्यामुळे सगळे उतरतात, पाणी पितात, पाठ मोकळी करतात. एकटा निघालास की तो माणूस बरोबर नसतो. मागे कोणी बसलेलं असेल तर तेही खांद्यावर थाप मारून 'बास आता' म्हणतं. सोलोमध्ये तुला नाही म्हणणारं कोणीच नाही, म्हणून तो नकार निघण्याच्या आदल्या रात्री, थंड डोक्याने, ठरवून ठेवायचा. माझे दोन नियम आहेत. दिवसाला चारशेच्या वर नाही. आणि संध्याकाळी पाचनंतर मी गाडीवर नसतो, मग पुढचं गाव दहा किलोमीटरवर का असेना. तिसरा तुझ्यासाठी खास: मुक्कामाचं गाव आधी कुणाला सांगायचं नाही. लोकेशन घरी चालू ठेव, ते वेगळं. पण 'आज चित्रदुर्ग' असं बोलायचं नाही. पोचल्यावर सांगायचं. एकदा बोललास की गाडी तू चालवत नाहीस, तो शब्द चालवतो.

आता हाताचं, आणि हे जरा घाईचं आहे. कॉलर बोन जुळेल. सहा आठवडे तरी झोळी, जास्तही लागतील, डॉक्टर सांगतील तसं. मला त्याची काळजी नाही. परवा तुझ्या घरी आलो होतो तेव्हा तू झोळीतल्या हाताने बशी धरायला गेलास आणि अंगठा आपोआप बाजूला घेतलास. आई पोहे वाढत होती, तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण माझा डावा अंगठा आजही तेच करतो.

पडताना माणूस हात पुढे टेकतो. मनगटात अंगठ्याच्या मुळाशी काजूएवढं एक हाड असतं, स्कॅफॉइड म्हणतात. त्याची चीर पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा काढला की दिसू शकते. त्या हाडाला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे वेळेत धरलं नाही तर पुष्कळदा जुळत नाही. १९९७ मध्ये मला एका छोट्या दवाखान्यात 'मुरगळलंय' म्हणून क्रेप बँडेज बांधून सोडलं. चार महिन्यांनी क्लच दाबता येईना तेव्हा कळलं. ऑपरेशन झालं, स्क्रू बसला. तरी थंडीत पाना आवळायला अजून पोराला हाक मारावी लागते, आणि माझं पोट त्या हातावर आहे. अंगठा वर केला की त्याच्या मुळाशी खळगा पडतो, तिथे दाबून बघ. दुखलं तर आज अकरावा दिवस आहे, हाडांच्या डॉक्टरकडे जा आणि 'स्कॅफॉइड बघा' असं नाव घेऊन सांग. लाजू नकोस.

हेल्मेट माझ्याकडे राहू दे, परत मागू नकोस. हनुवटीपाशी डावीकडे ते काचेपर्यंत घासलंय. तिथे तुझा जबडा असता. वरून ठीक दिसतं, पण आतला थर्माकोल एकदाच दबतो. नाना पेठेतून नवीन आण, आयएसआय बघून, आणि या वेळी बुटांवरही पैसे घाल. जॅकेटने कोपर वाचवलं, स्पोर्ट्स शूजने घोटा वाचवला नाही, हे तुला रोज ड्रेसिंग करताना दिसतंच आहे.

विम्याचं थोडक्यात. तुझी पॉलिसी नुसती थर्ड पार्टी नाही, नशीब. पण झीरो डेप, म्हणजे पार्टच्या झिजेची कपात न करता पैसे देणारी, नाही, त्यामुळे प्लास्टिक आणि रबराच्या पार्टचे निम्मे पैसे तुझे. आणि तो जो १५ लाखांचा अपघात विमा दिसतो, तो मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर. दवाखान्याच्या बिलाला त्याचा उपयोग नाही. बाबांना तसं सांग, ते त्या आकड्याकडे बघून निर्धास्त बसलेत.

तुला ट्रॉलीत घालून दवाखान्यात नेणाऱ्या त्या ट्रॅक्टरवाल्याला फोन केलास का? त्याला मराठी येत नाही, तुला कन्नड येत नाही, चालेल. त्या संध्याकाळी पोलिसांच्या भानगडीला घाबरून तो दवाखान्याच्या दारातूनच परत गेला, असं तू म्हणालास. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आहे, मदत करणाऱ्याला कुठलीही जबाबदारी चिकटत नाही. तू ठीक आहेस एवढं तरी त्याला कळू दे. हुबळीचा कोणीतरी ओळखीचा गाठ, तो बोलेल.

आई 'गाडी विका' म्हणते आहे. वाद घालू नकोस, वचनही देऊ नकोस. झोळी गळ्यात असताना घेतलेला कुठलाच निर्णय टिकत नाही, तिचा नाही आणि तुझाही नाही. आणि राहिलेली ट्रिप 'पूर्ण करायची' म्हणून मार्चमध्ये निघायचं जे मित्रांशी बोलतोयस, ते माझ्या कानावर आलंय. पुन्हा तेच करतोयस, बघ. तारीख आधी, अंग नंतर.

हात सुटला की रविवारी सकाळी सहाला माझ्याबरोबर ये. मोकळी जागा माझ्या माहितीत आहे. तीसपासून सुरू करू, मग चाळीस, मग पन्नास, नुसता पुढचा ब्रेक हळूहळू आवळत थांबायचं, शंभरदा. कंटाळा येईल. तेव्हा घरी यायचं, मिसळ मी देईन.

गाडी कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहे, चावी माझ्या खिशात. सर्व्हेअर येऊन गेला की मागचा टायर उतरवणार आहे, पण टाकणार नाही, भिंतीला टेकवून ठेवतो. एक्स-रे घेऊन आलास की त्या डागावरून तुझं बोट फिरवून बघ. उजव्या हाताचं.

तुझा
गॅरेजवाला काका