चढ लागण्याआधी वेळ ठरवा

प्रिय बाळा,

येत्या रविवारी तुम्ही भिवपुरीहून माथेरानजवळच्या गार्बेट पठारावर निघणार, हे ऐकून फार बरं वाटलं. मध्यम ट्रेक शिकायला मुंबईकरासाठी ही वाट मला सगळ्यात आवडते. कर्जत लोकलने भिवपुरी रोडला उतरायचं, डिकसळवरून पाली-भुतिवली धरणाचा काठ धरायचा, मग सागाची वाडी, पठार आणि शेवटच्या चढानंतर थेट माथेरान.

ही वाट बिघडते ती वर नाही, धरणाच्या काठावर. चाल सपाट असते, पाण्यात डोंगर उतरलेला असतो, फोटो संपत नाहीत. बघता बघता दहा वाजतात आणि वाडीची चढण नेमकी उन्हात सापडते. शिवाय हे परतीच्या पावसाचे दिवस. सकाळी आभाळ लख्ख असतं, दुपारनंतर ढग दाटून येतात आणि विजा कडाडायला लागतात. पठार उघडं आहे, तिथे आडोसा नाही. एकट्या झाडाखाली तर मुळीच उभं राहू नका. गडगडाट ऐकू आला की लगेच खाली उतरायला लागा.

म्हणून काठावरच, पहिली चढण लागण्याआधी, सगळ्यांनी मिळून परत फिरायची वेळ ठरवा आणि ती मोठ्याने बोला. मी अकरा म्हणेन. तोवर पठारावर पोचला नाहीत तर जिथे असाल तिथून माघारी. वर गेल्यावर 'आता एवढंसंच राहिलंय' असं कुणीतरी म्हणतंच, आणि दमलेल्या मुलाला 'नाही' म्हणवत नाही. खाली ठरलेलं असलं की त्याला मान खाली घालावी लागत नाही. जो सगळ्यात हळू चालतो त्याला पुढे ठेवा.

पाण्यात उतरू नका, पोहता येत असलं तरी. काठाचा गाळ पाय धरतो आणि खोली वरून कळत नाही.

काठ सुटल्यावर ढोरवाटा फुटतात. गुरं चरायला जातात, माथ्यावर नाही, त्यामुळे त्या वाटा झुडपात जाऊन संपतात. मळलेली वाट हरवली असं वाटलं तर पुढे रेटू नका, शेवटच्या खात्रीच्या जागी परत या. वाडीतली माणसं हा डोंगर रोज चढतात, त्यांना नीट थांबून विचारा. पाणी मात्र प्रत्येकी तीन लिटर घरूनच न्या.

चढताना पायाखाली लक्ष असू दे. खाली काळा कातळ आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. माथेरानात पोचलात की माती लाल होते, तो जांभा. पायाखालचा रंग बदलताना पाहिला की डोंगर कसा रचला गेला ते कळतं. माझ्यासाठी या वाटेचा खरा आनंद तोच आहे.

आणि माथेरानात पोचलात म्हणजे ट्रेक संपला असं समजू नका. तिथे मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्यापर्यंत चालायचं, मग नेरळची टॅक्सी. तेवढी ताकद पायांत राखून ठेवा.

कुठून चढणार आणि कुठे उतरणार ते आईला लिहून देऊन जा. शनिवारी संध्याकाळी बूट घेऊन ये. तळव्याची नक्षी झिजली असेल तर घसाऱ्यावर ते टिकायचे नाहीत, आपण रात्रीच दुसरे बघू.

तुझी,
मावशी